ऑनलाइन कॅमेरा विकतोय, लबाड गिऱ्हाइकापासून कसं वाचायचं?

लुकलुकता_डोळा:

नमस्कार मंडळी,

जुना डीएसएलआर आणि त्याच्या दोन लेन्स विकायला काढल्या आहेत. मिररलेस कॅमेरा घेतल्यापासून सगळं कपाटात पडून आहे. ओळखीपाळखीत कुणाला नको, म्हणून विक्रीच्या एका साइटवर जाहिरात टाकली.

तिघांनी विचारणा केली. पहिल्याने कॅमेऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "किंमत मान्य, ईमेल द्या, पैसे टाकतो, माझा माणूस येऊन घेऊन जाईल" एवढंच. दुसरा म्हणतो इथे बोलायला नको, अमुक ॲपवर या, आणि तुम्ही खरे विक्रेते आहात याची खात्री म्हणून एक कोड आलाय तो सांगा. तिसरा मात्र जाणकार वाटतो. शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारला, लेन्समध्ये बुरशी आहे का विचारलं, सेन्सरचा फोटो मागितला.

पहिल्या दोघांना कटवलं. धास्ती आहे ती तिसऱ्याची. वस्तू पोचल्यावर म्हणाला "बंद निघाला", आणि परत पाठवताना स्वतःकडचा मेलेला कॅमेरा खोक्यात घातला, तर माझं ऐकणार कोण?

काचवाला:

धास्ती योग्य माणसाची वाटतेय तुम्हाला. कॅमेऱ्याबद्दल काहीच न विचारणारा चोर ओळखता येतो. सगळं नीट विचारणारा बहुतेक वेळा खरंच चांगला गिऱ्हाईक असतो, आणि क्वचित त्याच्याकडे नेमकं तेच मॉडेल बिघडलेल्या अवस्थेत पडलेलं असतं. बाहेरून दोघे सारखेच दिसतात.

मी जुन्या लेन्स घेतो, साफ करतो, विकतो. इतकी वर्षं हे करून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली आहे: तंट्याचा निकाल देणारा माणूस तुमचा कॅमेरा कधीच बघणार नाही. त्याच्या स्क्रीनवर तुमची जाहिरात असेल, तुम्हा दोघांचे निरोप असतील, कुरिअरच्या नोंदी असतील आणि थोडे फोटो. खरं कोण बोलतंय हे तो ठरवूच शकत नाही, कागद कुणाचे जुळतात एवढंच बघतो. तेव्हा फोटो काढताना, वर्णन लिहिताना, खोकं बांधताना तो माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

आधी सिरीयल नंबर. बॉडीचा सहसा तळाला असतो, लेन्सचा नळीवर किंवा माउंटजवळ, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथे. त्याचा स्वच्छ फोटो काढा, आणि तो नंबर व वस्तूवरची एखादी ओळखीची खूण एकाच फोटोत येईल असं बघा. नुसत्या नंबरच्या फोटोवर "हा दुसऱ्याच कॅमेऱ्याचा असेल" असं म्हणता येतं. रबराच्या पकडीवर घासल्याचा डाग आणि शेजारी नंबर असला की तोंड बंद होतं. जाहिरातीत शेवटचे दोन-तीन आकडे झाकून नंबर द्या आणि "परत आलेल्या वस्तूचा नंबर जुळला पाहिजे" अशी ओळ टाका. अदलाबदल करायच्या बेतात असलेला माणूस ही ओळ वाचून दुसरं सावज शोधायला जातो. मला ही ओळ सगळ्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी वाटते.

कॅमेरा असल्याचा तुम्हाला एक फायदा आहे. बऱ्याच कंपन्यांचे कॅमेरे फोटोच्या फाइलमध्ये स्वतःचा सिरीयल नंबर लिहून ठेवतात. पाठवायच्या दिवशी दोन्ही लेन्स लावून चार फोटो काढा आणि मूळ फाइली जशाच्या तशा जपा. चॅटमधून पाठवलेली प्रत चालत नाही, बहुतेक ॲप ती माहिती पुसून टाकतात. त्या दिवशी तो कॅमेरा चालत होता हे त्याच्याच फाइलीत नोंदलेलं राहतं.

तळाच्या एका स्क्रूवर अतिनील शाईच्या पेनाने ठिपका द्या. साध्या उजेडात दिसत नाही. वस्तू परत आली आणि ठिपका सरकलेला किंवा गायब असला तर आतले भाग काढले गेलेत असं समजा. तंटा जिंकायला हा ठिपका फारसा कामाचा नाही, पण आपल्याला कशाशी गाठ आहे ते कळतं.

लेन्सचं म्हणाल तर "काच स्वच्छ" असं लिहूच नका. मागून टॉर्च मारून, आतली झडप (ॲपर्चर) पूर्ण उघडून फोटो काढा. आतली धूळ दिसेल. दिसू द्या, आणि "आत धुळीचे कण आहेत, फोटोत दिसतात" असं लिहा. वर्णनाशी जुळत नाही ही तक्रार उभी राहते ती विशेषणांवर. "नव्यासारखा", "एकदम झकास", "अप्रतिम अवस्था" हे शब्द तुमच्याच विरोधात साक्ष देतात. दोष जितका नीट लिहाल तितकी गिऱ्हाइकाला वाकडं शिरायला जागा कमी. नवशिके विक्रेते नेमकं उलट करतात, आणि मग जग वाईट आहे म्हणतात.

लुकलुकता_डोळा:

काचवालेकाका, मनापासून आभार. पॅकिंगचा व्हिडिओ काढावा का? आणि तिसऱ्याचा आज निरोप आला की साइटचं कमिशन वाचवू, पेपॅलवर (ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा) "मित्र आणि कुटुंब" पर्यायाने पैसे टाकतो. त्यात तक्रारीची सोय नसते म्हणे, म्हणजे मला उलट बरंच ना?

काचवाला:

काका म्हणालात तेही चालेल, वयाला शोभतं.

व्हिडिओ काढा, पण त्यावर विसंबू नका. अनेक साइटवर तक्रारीत व्हिडिओ जोडताच येत नाही, फोटो आणि कागद मात्र जोडता येतात. मी एकच सलग चित्रण करतो: सिरीयल नंबर, कॅमेरा चालू करून दाखवणं, खोक्यात ठेवणं, टेप, वर पत्त्याचं लेबल. मग त्यातल्या चार चौकटी फोटो म्हणून वेगळ्या काढून ठेवतो.

व्हिडिओपेक्षा मी वजनाला मानतो. कुरिअरच्या काउंटरवर पार्सल वजन करूनच द्या आणि पावतीवर वजन छापून घ्या. "खोकं रिकामं आलं" म्हणणाऱ्याला हेच उत्तर, कारण ती नोंद तुमची नसते, तिसऱ्याची असते. परतीच्या पार्सलचंही वजन कुरिअरकडे असतं. मागितलं की बहुधा मिळतं, मागत कुणी नाही.

"मित्र आणि कुटुंब"चं उत्तर एका जाणकाराने दिलेलं बरं. तक्रारखाना, आहात का इथे?

तक्रारखाना:

आहे. कार्डांच्या वादग्रस्त व्यवहारांच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे यावर बोलायचा थोडा हक्क आहे.

"मित्र आणि कुटुंब" पर्यायात खरेदीदाराचं संरक्षण नसतं हे बरोबर. पण विक्रेत्याचंही नसतं, आणि माल विकायला तो पर्याय वापरणं त्यांच्या नियमांत बसत नाही. समजा ते खातं किंवा त्याच्या मागचं कार्ड चोरीचं निघालं. खरा मालक बँकेकडे जाईल, बँक पैसे ओढून घेईल, आणि तुम्ही पेपॅलला सांगणार काय, की हा माझा चुलतभाऊ आहे?

बाहेरच्यांना माहीत नसतं की कार्डाच्या प्रत्येक तक्रारीला कारणाचा कोड असतो आणि पुरावा त्या कोडनुसार लागतो. व्हिसा कार्डाचं उदाहरण घ्या. १३.१ म्हणजे माल मिळालाच नाही, तिथे पोच झाल्याची नोंद लागते. १३.३ म्हणजे माल वर्णनासारखा नाही किंवा सदोष आहे. तिथे पोचपावती कितीही नाचवली तरी उपयोग नाही, माल पोचला हे गिऱ्हाईकही नाकारत नसतो! तिथे काचवाल्यांनी सांगितलेलं वर्णन आणि फोटो लागतात. १०.४ म्हणजे कार्डधारक म्हणतोय की ऑनलाइन व्यवहार मी केलाच नाही. माझ्या टेबलावर येणारे निम्मेअधिक विक्रेते १३.३ च्या तक्रारीला कुरिअरची पावती जोडायचे आणि हरायचे. त्यांची बाजू खरी असूनही हरायचे, याचं वाईट वाटायचं.

मुदतही लक्षात घ्या. व्हिसाच्या बऱ्याच कारणांना सर्वसाधारणपणे १२० दिवस असतात, पेपॅलवर तक्रार १८० दिवसांपर्यंत उघडता येते. पैसे खात्यात आले म्हणून फाइली पुसू नका, खोक्याची पावती फेकू नका.

आणि पत्ता. व्यवहाराच्या पानावर जो पत्ता आहे तिथेच पाठवा. पैसे आल्यावर "मी सध्या बहिणीकडे आहे, तिकडे पाठवा" असा निरोप आला तर व्यवहार रद्द करा आणि नवीन पत्त्यावर नव्याने घ्यायला सांगा. दुसरीकडे पाठवलंत तर विक्रेत्याच्या संरक्षणाचा प्रश्नच मिटला. महाग वस्तूला पोच देताना सहीची सेवा घ्या. ठरावीक रकमेच्या वर पेपॅल आणि ईबे ही विक्रीची साइट दोघेही ती मागतात.

मधली_सुट्टी:

एवढा दारूगोळा जमवण्यापेक्षा समोरासमोर भेटून रोख घ्या की राव. शिवाय सगळ्याच गिऱ्हाइकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतंय हे वाचून. मी जुन्या वस्तू घेणाऱ्या बाजूचा आहे. विक्रेतेही काही कमी नसतात.

काचवाला:

समोरासमोर रोख हा उत्तम मार्ग आहे, वादच नाही. वर्दळीच्या ठिकाणी, उजेडी, नोटा मोजून. काही देशांत तर पोलीस ठाण्याच्या आवारात अशा देवाणघेवाणीसाठी जागा राखून ठेवतात. फक्त हातात वस्तू द्यायची आणि पैसे मात्र कार्डाने किंवा पेपॅलने घ्यायचे, हे मधलंच काही करू नका. तिथे कुरिअरची नोंद नसते, आणि तो घरी जाऊन "मिळालंच नाही" म्हणाला की हातात काहीच उरत नाही.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर: फोटो, नंबर, खरं वर्णन, वजनाची पावती यातलं काय बरं प्रामाणिक गिऱ्हाइकाला बोचतं? त्याला तर जास्तच माहिती मिळते. माझी चांगली गिऱ्हाइकं टॉर्चचा फोटो पाहूनच जमली आहेत.

पहिल्या दोन महाभागांबद्दल चार ओळी, कारण हा धागा नंतर दुसरं कुणी वाचेल. "पैसे पाठवले आहेत, कुरिअरचा नंबर टाकलात की खात्यात जमा होतील" असा ईमेल आला तर तो खोटा. ईमेलमधल्या दुव्याला हात न लावता आपलं ॲप स्वतः उघडून शिल्लक बघायची. चुकून जास्त पैसे आले, फरक माझ्या माल नेणाऱ्याला द्या असं कुणी म्हणालं, तर मूळ रक्कमच उद्या परत जाणार आहे हे धरून चाला. चेक तर खात्यात दिसूनही नंतर उलटू शकतो. कोड विचारणाऱ्याला तुमच्या नंबरवर एखादं खातं उघडायचं असतं किंवा तुमच्या खात्यात शिरायचं असतं. कुरिअरच्या नावाचा दुवा पाठवून "पैसे घेण्यासाठी कार्डाची माहिती भरा" म्हणणारेही याच वर्गातले. असली बनावट पानं टेलिग्रामवरच्या बॉटमधून मागणीनुसार तयार होतात. ग्रुप-आयबी या सुरक्षा कंपनीने या प्रकाराला क्लासिस्कॅम असं नाव दिलंय. पैसे घ्यायला पिन, कोड, सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त आकडा) यांतलं काहीही लागत नाही.

लुकलुकता_डोळा:

तिसऱ्याला कळवलं की साइटवरूनच घ्या. कुरकुरला, पण हो म्हणाला. समजा पोचल्यावर म्हणाला, "ऑटोफोकस हळू आहे, वस्तू ठेवतो पण थोडे पैसे परत करा, नाहीतर वाईट शेरा देईन", तर?

काचवाला:

तर साइटच्या निरोपपेटीत, गोड भाषेत, एकच वाक्य: "वस्तू पसंत नसेल तर परत पाठवा, मिळाल्यावर तपासून पूर्ण पैसे देतो." ज्याला खरंच अडचण आहे तो परत पाठवतो. ज्याला सूट उकळायची होती त्याला अचानक ऑटोफोकस आवडू लागतो. फोनवर बोलायला गेलात तर धमकीची नोंदच राहत नाही, म्हणून फोन घेऊ नका. ईबेवर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देता येत नाही, पण शेऱ्याची धमकी देऊन पैसे मागणं तिथल्या नियमांविरुद्ध आहे, आणि तो निरोप तक्रारीत दाखवता येतो.

रिकामं_खोकं:

थोडं वेगळं विचारतो. माझ्याकडे परतीचं पार्सल "पोचलं" असं ट्रॅकिंगमध्ये दिसतंय, दारात मात्र काहीच आलेलं नाही. साइट म्हणते आता पैसे द्या. काचवालेकाका, हे काय असतं?

काचवाला:

घाईने पैसे देऊ नका आणि आजच्या आज कुरिअरला लेखी विचारा: पार्सल नेमकं कोणत्या पत्त्यावर दिलं, सही कुणाची, वजन किती. परतीच्या लेबलवरचा बारकोड तसाच ठेवून छापलेला पत्ता बदलायचा, आणि त्याच पिनकोडमधल्या भलत्याच ठिकाणी हलकं पाकीट पाठवायचं, असा प्रकार चालतो. ट्रॅकिंगमध्ये फक्त "पोचलं" आणि गावाचं नाव दिसतं, म्हणून साइटला सगळं ठीक वाटतं. कॅमेऱ्याच्या परतीचं वजन पाकिटाएवढं निघालं की प्रकरण फिरतं. कुरिअरचं उत्तर त्यांच्या लेटरहेडवर किंवा त्यांच्या ईमेलवरूनच घ्या, फोनवरचं नको. साइटच्या तक्रारीची मुदत संपायच्या आत ते जोडा. उत्तर यायला उशीर होत असेल तर "कुरिअरकडे चौकशी चालू आहे" एवढं तरी आत्ताच तिथे लिहून ठेवा, तक्रार क्रमांकासकट. वजन कळलं की इथे टाका, पुढचं बघू.