‘डीएलअ‍ॅडर पुरेसं आहे’ हे मला मान्य नाही

रात्रपाळी: परवा इथे कुणीतरी लिहिलं, ‘लिनक्सवर मेमरीतला पत्ता कुठल्या लायब्ररीतला हे डीएलअ‍ॅडर फंक्शन सांगतं, प्रॉकमधली मॅप्स फाइल चाळणं हा अडाणीपणा.’ हे वाचून राहवलं नाही. डीएलअ‍ॅडर फक्त ते बोलावणाऱ्या प्रोसेसबद्दल, म्हणजे चालू प्रोग्रॅमबद्दल सांगतं. माझ्यासमोर रात्री दोनला दुसरीच प्रोसेस अडकलेली असते. तिथे मॅप्सच लागते, कुठली फाइल मेमरीत कुठे बसलीय ते ओळीओळीने सांगणारी. पत्त्याचे शेवटचे आकडे २१४५० (हेक्समध्ये), मॅप्सची ओळ २०००० पासून, ऑफसेट म्हणजे फाइलमधलं अंतर ३०००. वजाबाकी केली, ऑफसेट मिळवला, ४४५० आलं. तेच पत्त्यावरून सोर्सची ओळ सांगणाऱ्या अ‍ॅड्रटूलाइनला दिलं. झालं काम.

खुंटा: ते लिहिणारा मीच. आणि तुमचं काम झालेलं नाही. ४४५० ही फाइलमधली जागा झाली, अ‍ॅड्रटूलाइनला ईएलएफमधला (लिनक्सच्या बायनरी फाइलमधला) लिंकरने ठरवलेला व्हर्च्युअल पत्ता लागतो. एलएलडी या लिंकरने जोडलेल्या लायब्ररीत हे दोन सर्रास वेगळे असतात. या दोन्हींचा मेळ सांगणारे प्रोग्रॅम हेडर न बघता हिशेब केलात तर भलत्याच फंक्शनवर खापर फुटेल. डीएलअ‍ॅडर सिम्बॉलचं, म्हणजे फंक्शनचं, नावही देतं.

रात्रपाळी: स्टॅटिक (बाहेर न दिसणारं) फंक्शन असेल तर देत नाही, बाहेर दाखवलेल्या नावांच्या डायनॅमिक तक्त्यातलंच सापडतं. शिवाय ग्लिबसी या सी लायब्ररीत ते लायब्ररी चढवणाऱ्या लोडरचं लॉक घेतं. सिग्नल हँडलरमधून (क्रॅशसारखा सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनमधून) बोलावलंत आणि लॉक दुसऱ्या थ्रेडकडे असलं, तर बसा वाट बघत.

देवगडकर: दोघेही जुन्या जगात आहात. २०२४ च्या ६.११ कर्नलपासून मॅप्सवर आयओसीटीएल, म्हणजे कर्नलला थेट विचारायची सोय, आहे. पत्ता द्या, नेमकं ते मॅपिंग मिळतं, बिल्ड-आयडीसकट, म्हणजे त्या बिल्डच्या ओळखखुणेसकट.

रात्रपाळी: आमच्या ग्राहकाकडे ६.११ कधी येणार ते तुम्हीच सांगा.

चिवट: मॅप्समध्ये नावापुढे ‘डिलीटेड’ दिसतं त्याचं काय? माझे दोन दिवस गेले त्यात. डीबगर त्याच नावाची नवी फाइल उघडत होता, सगळे सिम्बॉल चुकीचे.

खुंटा: ‘डिलीटेड’ दिसलं हे नशीब समजा. एमव्ही कमांडने नवी फाइल त्या जागी आणली की जुना आयनोड (डिस्कवरची मूळ फाइल) जिवंत राहतो, प्रॉकमधल्या मॅप-फाइल्समधून रूट म्हणून उघडताही येतो. खरा घात सीपी या कॉपी कमांडचा. तोच आयनोड रिकामा करून वर लिहितं, चालू प्रोसेसच्या पायाखालची पानं बदलतात, आणि मॅप्समध्ये सगळं आलबेल दिसतं.

चिवट: चालू बायनरीवर सीपी होतच नाही, ‘टेक्स्ट फाइल बिझी’ येतं!

खुंटा: बायनरीवर येतं. एसओ फाइलला, म्हणजे लायब्ररीला, ते संरक्षण नाही. एका जुन्या नोकरीत दर शुक्रवारी सिगबस (प्रोसेस पाडणारा सिग्नल) यायचा, आम्ही तीन महिने रॅम बदलत बसलो. दोष नवी आवृत्ती बसवणाऱ्या डिप्लॉय स्क्रिप्टमधल्या सीपीचा होता. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही याचा मला खरंच राग येतो.

देवगडकर: मूळ प्रश्न पत्त्याचा होता, डिप्लॉयचा नाही.

खुंटा: फाइलच बदलली असेल तर पत्ता शोधून मिळणार काय? आधी बिल्ड-आयडी जुळवा, मग भांडा.

रात्रपाळी: हेडर तपासले. एलएलडीच निघाला, व्हर्च्युअल पत्ता ५४५०. माझा हिशेब चुकला होता, हे मानतो. परक्या प्रोसेसला डीएलअ‍ॅडर पुरत नाही, हे तुम्ही अजून मानलेलं नाही.

खुंटा: परक्या प्रोसेसपुरतं मानलं. ‘अडाणीपणा’ हा शब्दही मागे घेतो.

चिवट: आमच्या स्क्रिप्टमध्ये पाहिलं. सीपीच आहे, आणि तिचं लक्ष्य एसओ फाइल.