मणीजडित लाकडी जग्वार (विरारिका, मेक्सिको): उन्हाळ्यात मणी सरकत आहेत, काय करावे?

संत्रानगरी:
नोकरीनिमित्त काही वर्षे मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे राहिलेल्या माझ्या भावाने परतताना जग्वारचे एक लाकडी शिर आणले. वीतभर लांबीच्या त्या लाकडावर बारीक काचमणी इतके दाटीने बसवले आहेत की खालचे लाकूड कुठेही दिसत नाही. कपाळावर निळे हरीण आहे आणि दोन्ही गालांवर मक्याची कणसे आहेत. हे काम विरारिका लोकांचे, म्हणजे बाहेरच्या जगात हुइचोल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदिवासी समाजाचे आहे, असे भावाने सांगितले. ते आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर टांगले आहे. नागपूरचा उन्हाळा सुरू झाल्यापासून मात्र कानाजवळचे मणी जागेवरून सरकले असून काही गळूनही पडले आहेत, आणि खालचा पिवळसर थर बोटाला चिकटतो. हा गोंद निकृष्ट आहे का? गळालेले मणी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने परत बसवले तर चालेल का?

मोहोळ:
तो गोंद नव्हे, मधमाश्यांचे मेण आहे, आणि त्यात बहुधा चीडवृक्षाची थोडी राळ मिसळलेली असते. कारागीर हे मेण उन्हात मऊ करतो, अंगठ्याने लाकडावर त्याचा पातळ, एकसारखा थर पसरतो आणि मग सुईच्या टोकावर एकेक मणी उचलून, भोक वर येईल अशा बेताने, मेणात दाबतो. भिंगातून पाहिलेत तर प्रत्येक मण्याचे इवलेसे भोक तुमच्याकडे रोखलेले दिसेल. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते, परंतु त्याच्या बरेच आधी ते मऊ पडते. त्यामुळे ४५ अंशांच्या नागपुरात, त्यातही पश्चिमेच्या भिंतीवर, मणी सरकणे स्वाभाविक आहे.

झटपट गोंद कृपया वापरू नका. तो कडक होतो, भोवतीचे मेण मात्र मऊच राहते, आणि पुढे दुरुस्ती करायची झाल्यास मण्यासकट खालचा थर उखडतो. काष्ठौषधींच्या दुकानातून शुद्ध मधमाश्यांचे मेण आणा (मेणबत्तीचे नको, ते पॅराफिन असते), हरभऱ्याएवढी गोळी बोटांच्या उबेने मळून रिकाम्या जागेत भरा आणि मणी सुईने बसवा. हे काम पहाटे, वस्तू गार असताना करा. सरकलेले मणी दुपारी अंगठ्याने रेटण्याचा मोह टाळा, कारण तेवढ्याने शेजारची अख्खी ओळ वाकते. धूळ कोरड्या, मऊ कुंचल्याने काढा. पाणी, स्पिरिट किंवा टर्पेंटाइन लावू नका.

जुना_संग्राहक:
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मेण ही या कलेतील उणीव नसून तिचा पायाच आहे, हे खरेदी करणाऱ्यांनी समजून घ्यायला हवे असे मला फार वाटते. विरारिका लोकांची वस्ती पश्चिम सिएरा माद्रे पर्वतरांगेत, हालिस्को, नायारित, दुरांगो आणि साकातेकास या राज्यांच्या डोंगराळ भागात आहे. त्यांच्याकडे भोपळ्याच्या वाडग्यात आतून मेण लावून त्यावर मणी बसवण्याची आणि तो वाडगा नवस म्हणून गुहेत, झऱ्यापाशी किंवा देवळात अर्पण करण्याची रीत आहे. नॉर्वेजियन संशोधक कार्ल लुमहोल्ट्झ यांनी १८९०च्या दशकात अशा वस्तूंची बारकाईने नोंद केली होती. लाकडी प्राणी व मुखवटे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः विक्रीसाठी, रुजले. म्हणून तुमचा जग्वार ‘प्राचीन’ नाही, पण त्याच्या कपाळावरचे हरीण खरोखर जुने आहे: हरीण, मका आणि पेयोटे हे निवडुंग यांचे त्रिकूट त्यांच्या श्रद्धाविश्वाच्या केंद्रस्थानी असून, पेयोटेसाठी ते सान लुइस पोतोसीमधील विरिकुता या पवित्र प्रदेशाची यात्रा करतात. त्या यात्रामार्गाचा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

संत्रानगरी:
मनःपूर्वक आभार. मग उष्ण प्रदेशात पाठवायच्या वस्तूंसाठी हे कारागीर दुसरा चिकट पदार्थ का वापरत नाहीत?

जुना_संग्राहक:
गरज पडते तेथे वापरतात. २०१० मध्ये दोन विरारिका कुटुंबांतील आठ कारागिरांनी फोक्सवॅगनची एक बीटल मोटार वीस लाखांहून अधिक मण्यांनी मढवली. ती ‘वोचोल’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिच्यासाठी मेणाऐवजी उष्णता सोसणारे रेझिन घेतले होते. हाती धरायच्या लहान वस्तूसाठी मात्र मेणच सोयीचे, कारण नक्षी चुकल्यास मणी काढून पुन्हा बसवता येतो.

कवडी:
मणी आणि लाकूड यांची सांगड कॅमेरूनच्या गवताळ पठारावरही आहे, परंतु तिची रीत निराळी आहे. तेथे मणी आधी कापडावर शिवतात आणि ते कापड कोरीव लाकडावर ताणून बसवतात, त्यामुळे उन्हाने काही सरकत नाही. बामुम राजा न्जोया याने १९०८ मध्ये जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याला दिलेले ‘मांदू येनू’ सिंहासन असेच मण्यांनी आणि कवड्यांनी मढवलेले असून ते बर्लिनमध्ये आहे. कोम राज्यातील ‘आफो-आ-कोम’ ही मणीजडित मूर्ती १९६६ मध्ये चोरीला गेली, १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सापडली आणि त्याच वर्षी स्वगृही परतली.

मोहोळ:
एक राहिले: गळालेले मणी हरवले असतील तर चेक बनावटीचे ११ क्रमांकाचे, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरचे मणी ताडून पाहा. जपानी मणी अधिक एकसारखे असतात, त्यामुळे तुमच्याकडचे उरलेले मणी किंचित लहानमोठे असतील तर चेक मणीच जुळतील. आणि जूनपर्यंत जग्वार त्या भिंतीवरून उतरवून घरातल्या सर्वांत गार खोलीत, आडवा ठेवा.