डिटी म्हणजे नक्की काय? शब्द आला कुठून?

मुक्तछंद:
इंग्लिश वाचताना डिटी (ditty) हा शब्द मधूनमधून येतो आणि दरवेळी मी अंदाजाने पुढे जाते. डिक्शनरीत 'छोटं, साधं गाणं' एवढंच सापडलं. मग सरळ साँग का नाही म्हणत? बॅलड आणि जिंगलपेक्षा ही वेगळी कशी? आणि इंग्लिश कवी कीट्सच्या ग्रीक कलशावरच्या कवितेत तो बासरीवाल्यांना चक्क सूर नसलेल्या डिटी वाजवायला सांगतो, तिथे मी पार अडकले. सूरच नाही तर गाणं कसलं? कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुनी_पानं:
मूळ लॅटिन आहे. डिक्टारे म्हणजे तोंडी सांगून लिहून घेणं आणि डिक्टाटुम म्हणजे तसा लिहून घेतलेला मजकूर. मध्ययुगातले बरेच लेखक स्वतः लेखणी धरायचेच नाहीत, ते बोलायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचा, त्यामुळे डिक्टारेचा अर्थच 'रचणं' असा होत गेला, पत्रं रचायच्या शास्त्रालासुद्धा तेव्हा आर्स डिक्टामिनिस म्हणायचे. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये 'रचना, कविता' या अर्थाचा शब्द तयार झाला आणि तोच साधारण १३०० च्या आसपास इंग्लिशमध्ये आला. म्हणजे डिक्टेशन, डिक्टेटर आणि डिटी एकाच घरातले!

मला यातलं सगळ्यात आवडतं ते जर्मन. त्याच डिक्टारेवरून तिकडे डिश्टन म्हणजे काव्य रचणं आणि डिश्टर म्हणजे कवी, तोही मानाचा शब्द, गटेसारख्याला लावतात तो. आणि इंग्लिशमध्ये त्याच मुळातून आलेला शब्द चिमुकल्या गाण्यापुरता उरला.

सुरपेटी:
वरचं बरोबर आहे, पण मधला एक टप्पा राहिला आणि तो महत्त्वाचा आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये डिटी म्हणजे बरेचदा गाण्याचे फक्त *शब्द*, चाल वेगळी. थॉमस मॉर्ली या संगीतकाराने १५९७ साली संगीत शिकवणारं पुस्तक लिहिलं, त्यात 'डिटीइंग'चे नियमच दिलेत, म्हणजे शब्दांना साजेसं संगीत कसं बांधायचं. मजकूर गंभीर तर संगीत गंभीर, शब्दात स्वर्ग किंवा उंची आली तर सूरही वर चढले पाहिजेत वगैरे. शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्येही दोन पोरं गाऊन दाखवतात तेव्हा टचस्टोन हा विदूषक म्हणतो की डिटीत फारसा काही अर्थ नव्हता आणि तरी सूर मात्र फारच बेसूर होता. बघा, डिटी एकीकडे, सूर दुसरीकडे. माझ्या मते कीट्सचं कोडं इथेच सुटतं, सूर नसलेली डिटी म्हणजे नुसते शब्द.

मुक्तछंद:
वा, मॉर्लीचं माहीतच नव्हतं! पण बासरी वाजवणारा शब्द कसे म्हणणार?

रानवारा:
बरोबर पकडलंत, म्हणूनच सुरपेटींचा शेवटचा मुद्दा मला पटत नाही. कीट्सने ती कविता १८१९ मध्ये लिहिली, तोवर डिटीत चालही आली होती. त्याच्या कितीतरी आधी, १६३७ मध्ये मिल्टन या इंग्लिश कवीने 'लिसिडस' या कवितेत मेंढपाळांच्या डिटी पाव्याच्या साथीने ऐकवल्यात. साधेपणाची छटा मला वाटतं या मेंढपाळी कवितेमुळेच पक्की झाली, रानातला माणूस, हातात पावा, दरबारी थाट नाही. कीट्सचे बासरीवाले याच परंपरेतले, फक्त ते कलशावर *चित्रात* आहेत त्यामुळे आवाज येऊच शकत नाही. त्याच्या आधीच तो म्हणतो की ऐकलेली गाणी गोड पण न ऐकलेली अजून गोड, म्हणून कानांसाठी नको, आत्म्यासाठी वाजवा. कोडं वगैरे नाही, अख्ख्या कवितेचा गाभाच तो आहे, परत वाचा, खूप सुंदर आहे.

सुरपेटी:
हो, हे जास्त पटतंय. फक्त शेक्सपिअर-मॉर्ली वाचताना डिटीचा 'गाण्याचे शब्द' हा अर्थ विसरू नका, नाहीतर ती वाक्यं लागतच नाहीत.

ओवीकर:
बॅलड-जिंगलचं राहिलंच. बॅलडमध्ये गोष्ट असते, खून, प्रेम, जहाज बुडणं, आणि लांबलचक कडवी. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने अशी ३०५ बॅलड्स गोळा करून छापली. मजा म्हणजे बॅलड हा शब्द नाचण्यावरून आलाय. जिंगल घुंगरांच्या आवाजावरून, आता ती जाहिरातीची. डिटीला गोष्ट नसली तरी चालते, छोटी, सोपी आणि सहज गुणगुणता येणारी असली की झालं. भाषांतर करताना मी तरी 'गाणुलं' लिहीन.

आणि अजून एक, डिक्टारेच्या पाठीमागे जे प्राचीन मूळ आहे त्याचा अर्थ 'दाखवणं', संस्कृतमधला दिश् धातू त्यातलाच. म्हणजे दिशा, आदेश, उपदेश हे सगळे डिटीचे लांबचे नातेवाईक!