ग्रॅनोला बारमधला गूळ कमी केला की वड्यांचा भुगा होतो: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी १४ वर्षांची मुलगी खो-खो खेळते. शाळा सुटली की ती थेट मैदानावर जाते आणि साडेबाराचा डबा खाल्ल्यानंतर सातपर्यंत तिच्या पोटात फारसे काही जात नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्ही विकतचे ग्रॅनोला बार आणू लागलो. वेष्टणावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात हे कळल्यावर मी एकदा ती यादी नीट वाचली, तर ओट्सच्या लगोलग ग्लुकोज सिरप आणि साखर होती. तेव्हापासून मी हे बार घरीच करते.

माझे मूळ प्रमाण असे होते: रोल्ड ओट्स २०० ग्रॅम, शेंगदाणे आणि बदाम मिळून १०० ग्रॅम, भोपळ्याच्या व सूर्यफुलाच्या बिया ५० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, मध ६० ग्रॅम आणि तूप ४० ग्रॅम. गूळ, मध आणि तूप एकत्र विरघळवून त्यात भाजलेला कोरडा ऐवज मिसळायचा, ट्रेमध्ये थापून ओव्हनमध्ये भाजायचा आणि १२ वड्या पाडायच्या. वड्या सुरेख होत असत. नंतर मात्र मी हिशोब मांडला, तेव्हा एका वडीत गूळ आणि मधाची मिळून सुमारे १२ ग्रॅम साखर निघाली. मुलगी रोज दोन वड्या खाते. मी कौतुकाने पौष्टिक म्हणून देत असलेला पदार्थ बराचसा मिठाईच आहे, हे पाहून मला फार वाईट वाटले.

पहिला उपाय म्हणून मी गूळ ५० ग्रॅम, मध २० ग्रॅम आणि तूप २० ग्रॅम केले. चव मुलीला आवडली, पण वड्या कापतानाच सुटल्या आणि डब्यात नुसता भुगा उरला. दुसऱ्या वेळी गूळ आणि मध पूर्ण वगळून २०० ग्रॅम खजूर वाटून घातला. त्या वड्या एकसंध झाल्या, परंतु दाताला चिकटत होत्या, आणि इथे रत्नागिरीच्या पावसाळी हवेत पाचव्या दिवशी त्यांना आंबूस वास येऊ लागला. साखर कमी ठेवूनही वडी टिकावी आणि किमान आठवडाभर चांगली राहावी, यासाठी नेमके काय बदलावे? घरात ओव्हन आहे, अंडे चालते आणि कोणत्याही सुक्या मेव्याची ॲलर्जी नाही.

प्रतिसाद १

ताई, गूळ या पदार्थात दोन कामे करतो. तो गोडी आणतो आणि ऐवज बांधतो. तुम्ही गोडी कमी करायला गेलात आणि बांधणीही गेली, त्यामुळे आता बांधणीसाठी दुसरी सोय करायला हवी. आमच्याकडे दर संक्रांतीला तिळाच्या वड्या आणि चिक्की होते, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली गोष्ट पाकाची. तुम्ही गूळ फक्त विरघळवता, त्याचा पाक करत नाही. नुसत्या विरघळलेल्या गुळातले पाणी ओट्स शोषून घेतात आणि गूळही त्याबरोबर आत ओढला जातो, मग दोन कणांच्या मध्ये धरून ठेवायला काही उरत नाही. थोडाच गूळ घेतलात तरी तो गोळीबंद पाकापर्यंत शिजवा. पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची मऊ गोळी वळता आली पाहिजे. तापमापक असेल तर सुमारे ११५ ते १२० अंश सेल्सिअस. त्याच्या बरेच पुढे, १४५ अंशांपलीकडे गेलात तर चिक्कीचा पाक होईल आणि वडी दाताने तुटणार नाही.

दुसरी गोष्ट मला पाकाहूनही महत्त्वाची वाटते. तुमच्या ऐवजात सगळे तुकडे मोठे आहेत. अख्खे ओट्स, अख्खे बदाम आणि बिया एकमेकांवर रचल्या की मध्ये पोकळ्या राहतात, आणि त्या भरायलाच बराच पाक खर्ची पडतो. तिळाची वडी करताना आपण त्यात दाण्याचे कूट घालतो ते चवीसाठी असतेच, पण कुटामुळे वडी भरीवही होते. म्हणून ओट्सपैकी एक तृतीयांश मिक्सरमधून रव्याइतके बारीक काढा आणि शेंगदाण्यांपैकी निम्म्यांचे कूट करा. त्याशिवाय बिनसाखरेचे पीनट बटर दोन चमचे घाला. भाजलेले दाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले की ते घरीच होते. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवलीत तर तिचा बुळबुळीत लगदा होतो, आणि तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखाच ऐवज धरून ठेवतो.

मिश्रण गरम असतानाच ट्रेमध्ये घाला, वर बटर पेपर ठेवून सपाट बुडाच्या वाटीने पूर्ण ताकदीने दाबा. बहुतेक जण इथेच घाई करतात. १५० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजून झाले की कोमट असताना सुरीने फक्त खुणा करा आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय वड्या सुट्या करू नका. गरम असताना पाक मऊच असतो, त्यामुळे तेव्हा कापलेली वडी चांगल्या प्रमाणाचीही मोडते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. आहाराच्या बाजूने थोडी भर घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त साखरेतून (म्हणजे पदार्थात वरून घातलेली साखर आणि मध, पाक व फळांचे रस यांतली साखर) मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर अधिक चांगले. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतो. म्हणजे तुमच्या मूळ प्रमाणाच्या दोन वड्यांतच जवळजवळ २४ ग्रॅम जात होते. मुक्त साखरेत गूळ आणि मध दोन्ही मोडतात. ‘साखर नाही, गूळ घातला आहे’ असे म्हणून आपण निश्चिंत होतो, पण या हिशोबात त्याने फारसा फरक पडत नाही. अख्ख्या खजुरातली साखर मात्र मुक्त साखरेत धरत नाहीत, कारण ती फळाच्या गरात, तंतूंसह असते. तरीही १०० ग्रॅम खजुरात ६० ग्रॅमहून अधिक साखर असतेच, तेव्हा तोही बेताने घालावा.

तूप आणि सुका मेवा किती घालायचा, याचाही विचार करा. स्निग्ध पदार्थांमुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो. खो-खोमध्ये सतत वाकून पळावे लागते आणि जड पोटाने ते सोसत नाही. सरावाआधी एक लहान वडी आणि केळे, आणि उरलेली वडी सरावानंतर, असे केल्यास तिला अधिक हलके वाटेल.

प्रतिसाद ३

कोकणातल्या हवेसाठी एवढेच सुचवते: ओट्सपैकी काही भाग काढून राजगिऱ्याच्या लाह्या घाला, त्याने वडी हलकी होते. लाह्या आधी कोरड्या भाजून घ्या, नाहीतर त्या सादळलेल्याच आत जातात. प्रत्येक वडी बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. खजूर घातलेली वडी पावसाळ्यात बाहेर ठेवूच नये.

मूळ धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी नव्याने करून पाहिले आणि आज नऊ दिवसांनी लिहीत आहे. ओट्स १५० ग्रॅम घेतले, त्यातले ५० ग्रॅम बारीक केले. राजगिऱ्याच्या लाह्या ४० ग्रॅम, शेंगदाणे ८० ग्रॅम (निम्म्यांचे कूट), तीळ ३० ग्रॅम आणि भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम असा कोरडा ऐवज होता. बांधणीसाठी १०० ग्रॅम खजुराचा लगदा, ४५ ग्रॅम गुळाचा गोळीबंद पाक, ४० ग्रॅम घरचे पीनट बटर, १५ ग्रॅम तूप आणि भिजवलेली जवसाची पूड वापरली. चिमूटभर मीठही घातले, त्याने कमी गुळातही गोडी उठून येते. यात १६ वड्या झाल्या. एका वडीत गुळाची साखर सुमारे अडीच ग्रॅम आणि खजुरातली चार ग्रॅम येते.

पहिल्या खेपेला पाकात खजुराचा लगदा थंडच टाकला, तेव्हा पाक लगेच आवळून त्याच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला लगदा तुपावर परतून, गरम असताना मिसळला आणि मग मिश्रण एकजीव झाले. कडेच्या चार वड्या किंचित सुटल्या, कारण तिथे माझा वाटीचा दाब कमी पडला होता. मधल्या बारा शेवटपर्यंत अखंड राहिल्या. फ्रिजमध्ये ठेवल्यामुळे काल खाल्लेल्या शेवटच्या वडीलाही कसला वास नव्हता. सकाळी डब्यात दिलेली वडी मैदानावर पोहोचेपर्यंत थोडी मऊ होते, पण मोडत नाही, असे मुलगी सांगते. पुढच्या खेपेला खजूर ८० ग्रॅमवर आणून, त्याऐवजी एका अंड्याचा पांढरा बलक घालून पाहणार आहे. कोणी तसे केले असेल तर भाजण्याचा वेळ वाढवावा लागतो का, तेवढे कृपया सांगावे.