बाबांच्या जुन्या नाट्यपदांसाठी कॉम्प्युटरवर बेस-ट्रेबल कसं लावू? शब्दच कळत नाहीत

मंगळवारपेठकर
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. बाबा ७४ वर्षांचे, सगळं आयुष्य कोल्हापूरच्या देवल क्लबात मैफली ऐकत गेलं, आता गुडघ्यामुळं जिना उतरणं होत नाही म्हणून मी घरातला जुना डेस्कटॉप त्यांच्या खोलीत लावून दिलाय, विंडोज १० आहे, आणि दोन छोटे स्पीकर अधिक एक वूफर असा सेट आहे. जागा नाही म्हणून वूफर टेबलाखाली कोपऱ्यात सारलाय. बाबा यूट्यूबवर जुनी नाट्यपदं लावतात आणि पाच मिनिटांत बंद करतात. "बायाँ नुसता घुमतोय रे, शब्द लागंनात" म्हणतात, बायाँ म्हणजे तबल्यातला डग्गा. मी ट्रेबल वाढवला तर पेटी कानात टोचायला लागली आणि मागं सूंऽऽ आवाज, बेस पार कमी केला तर म्हणतात डबा वाजवल्यासारखं वाटतंय. त्यात परत काही लावलेलं नसलं तरी स्पीकरमधनं बारीक गुंऽऽ येत राहतं. एका दुकानात विचारलं तर म्हणाले हे काढून टाका, होम थिएटर घ्या. माझं बजेट २,५०० च्या आत आहे. नवीन घ्यायलाच लागेल का सेटिंगनं भागेल?

रंकाळा_संध्याकाळ
दादा, एक रुपया पण खर्च करू नका अजून. आधी तो वूफर कोपऱ्यातनं बाहेर काढा. दोन भिंती आणि फरशी जिथं मिळतात तिथं वूफर ठेवला की खालचे सूर नुसते फुगतात, तुमचा बायाँ तिथंच घुमतोय. भिंतीपासनं दीड-दोन फूट पुढं घ्या, मग वूफरच्या मागचा नॉब निम्म्यावर आणा. आणि छोटे स्पीकर टेबलावर पडून असतील तर दोन जाड पुस्तकं घालून बाबांच्या कानाच्या उंचीला आणा, तोंड त्यांच्या खुर्चीकडं. दोन्ही स्पीकरमधलं अंतर आणि स्पीकर ते खुर्ची अंतर साधारण सारखं ठेवा. ऐकून बघायचं ते खुर्चीत बसून, कॉम्प्युटरसमोर उभं राहून नाही, जागा दोन फूट बदलली तरी बेस बदलतो. आमच्या घरी एवढ्यावरच निम्मं काम झालं होतं.

उचगावचा_सतीसावित्रीकाठ
आता कॉम्प्युटरच्या आतलं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत control लिहून एंटर मारा, त्यात साउंड उघडा, प्लेबॅकमध्ये तुमच्या स्पीकरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज. एनहान्समेंट्स नावाचा टॅब दिसला तर त्यात बेस बूस्ट आणि व्हर्च्युअल सराउंडवर टिक असेल तर काढून टाका, बऱ्याचदा ती आधीचीच कुणीतरी केलेली असते. लाउडनेस इक्वलायझेशन म्हणून एक आहे ते बातम्या, व्याख्यान, मालिका याला चांगलं, हळू आवाज वर आणतं. पण गाण्याला लावू नका, गायक आवाज बारीक करून जी जागा घेतो ती पण मोठ्यानं ऐकू येते आणि सगळी गंमत जाते.

यूट्यूबला पण लागू होणारा इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय, पाहिजे असेल तर इक्वलायझर एपीओ टाका, फुकट आहे. टाकताना एक खिडकी येते त्यात तुमच्या स्पीकरवर टिक करायची आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट, हे केलं नाही तर काहीच बदलत नाही आणि लोक म्हणतात चालत नाही. त्यावर पीस नावाचं जोड सॉफ्टवेअर टाकलं की सरकपट्ट्या मिळतात आणि सेटिंग नाव देऊन सेव्ह करता येतं. फाइल घरातच असतील तर व्हीएलसी पुरेसं आहे, कंट्रोल आणि ई दाबलं की त्याचा इक्वलायझर उघडतो.

गुंऽऽ चं म्हणाल तर केबल कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला आहे का? मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा. तरी येत असेल तर कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन्ही एकाच बोर्डवर घ्या आणि वायरमनला बोलवून अर्थिंग तपासा.

पेटीवाला_कळंबा
मी २० वर्षं पेटीची साथ करतोय म्हणून हा धागा बघून राहवलं नाही. सगळे जण पट्ट्या वर सारतात, आणि तिथंच घोटाळा होतो. आधी कमी करायला शिका. पुरुष गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गात असेल तर त्याचा मध्य सा १४० हर्ट्झच्या आसपास येतो. बायाँ त्याच्याही खाली. आणि 'स', 'श', 'च' हे वर्ण उमटतात ते बरेच वर, साधारण २,५०० ते ८,००० मध्ये. म्हणजे शब्द ऐकायला खालचा ढीग बाजूला करायला पाहिजे, गायकाचा सा उपटून टाकायचा नाही. तुम्ही बेस पार शून्य केला तेव्हा डबा वाजला तो ह्यामुळंच.

हे लावून बघा, पट्ट्या हर्ट्झच्या आणि कमी-जास्त डेसिबलमध्ये: ६० ला उणे ४, २५० ते ३०० ला उणे ३, १,००० ला हात लावू नका, ३,००० ला अधिक ३, आणि १२,००० च्या वर उणे ५. आणि प्रीअँप, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी पट्टी, उणे ३ करायचाच, जेवढं सगळ्यात जास्त वर नेलं तेवढं प्रीअँप खाली, नाहीतर मोठ्या तानेला आवाज फाटतो.

जुन्या तबकड्यांचं वेगळं सेटिंग ठेवा. १९२५ च्या आधी तबकडी भरताना मायक्रोफोन वापरत नव्हते, गायक भोंग्यासमोर उभा राहून गायचा, बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या तशाच आहेत. त्यात खाली बेस नाही आणि वर ५,००० च्या पुढं जवळपास नुसती खरखर. तिथं ट्रेबल वाढवून गाणं वाढत नाही, खरखर तेवढी वाढते. त्यामुळं ६,००० पासनं वरचं सगळं खाली ओढा, बाबांना लगेच फरक कळेल.

शाहूपुरीची_माई
एक मनापासून सांगते, राग मानू नका. वयाबरोबर आधी वरचेच सूर ऐकू यायचे कमी होतात, म्हणजे माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. आमच्या आईचं अगदी असंच होतं, आम्ही वर्षभर टीव्हीला दोष दिला. कानाच्या डॉक्टरांकडं ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. कुठल्या कानाला कुठला सूर कमी येतो ते आलेखात दिसतं, मग ३,००० ची पट्टी किती वर न्यायची ते पण अंदाजानं कशाला करताय.

मंगळवारपेठकर
माई, राग कसला, हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना घेऊन जातो. वूफर पुढं काढला आणि केबल मागं लावली, गुंऽऽ गेलं! रविवारी बाकीचं करतो. एकच राहिलं, घरच्या बैठकीच्या २० कॅसेट आहेत, १९८० च्या दशकातल्या. एक लावून बघितली, फार मंद, कांबळ्यातनं ऐकल्यासारखी. ट्रेबल वाढवून रेकॉर्ड करू का?

पेटीवाला_कळंबा
नको नको! आधी टेपचं हेड, म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो भाग, साफ करा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची काडी, काडीवर तपकिरी मळ येतो तो बघाच. कोल्हापूरच्या पावसात कॅसेटला बुरशी पण लागते, फितीवर पांढरं दिसलं तर ती कॅसेट चालवू नका, बाजूला ठेवा. मग हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू असताना तो अगदी पाव-पाव फिरवा, एका जागी तानपुरा एकदम उघडतो, तिथं थांबा. हे झालं की टेपच्या हेडफोन जॅकमधनं केबल कॉम्प्युटरच्या निळ्या जॅकला, गुलाबीला नाही, तो माइकचा आहे. ऑडॅसिटी नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात जसं आहे तसं घ्या आणि वेव्ह फाइल ठेवा. बेस-ट्रेबल नंतर ऐकताना.

मंगळवारपेठकर
झालं सगळं. ऑडिओमेट्रीत उजवा कान बराच कमी निघाला, डाव्याला बरं आहे, म्हणून खुर्ची थोडी तिरकी केली. पीसमध्ये 'तबकडी' आणि 'बैठक' अशी दोन नावं ठेवलीत, बाबा आपणच बदलतात. स्क्रू फिरवताना ते शेजारी बसले होते, मला काही कळायच्या आधी हात वर करून म्हणाले थांब, आणि मग थोड्या वेळानं म्हणाले, मागं कपबशा वाजतायत त्या तुझ्या आज्जीच्या. पाच कॅसेट झाल्या, दोनवर बुरशी आहे, त्या कशा वाचवायच्या ते माहीत असेल कुणाला तर सांगा, त्यातल्या एकीवर आज्जी स्वतः गायलीय असं बाबा म्हणतात.