थंडीत सायकलनं पन्हाळ्याचा चढ: शिवाजी पुलावर हुडहुडी, वाघबीळच्या पुढं घामाच्या धारा. कपडे कसे निवडायचे?

रंकाळा_पहाटे_६
रविवारचा मार्ग: रंकाळा, शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, पन्हाळा आणि परत. निघताना पारा १३-१४ अंशांवर. अंगात सुती बनियन, त्यावर फुल बाह्यांचा सुती टी-शर्ट, वर मोटरसायकलवर घालायचा विंडचीटर. पुलावर थंडी वाजते, केर्लीपर्यंत बरं वाटतं, पण घाट लागला की आतून चिंब. विंडचीटर काढून कमरेला बांधतो. उतरताना परत चढवला तरी दात वाजायचे थांबत नाहीत. थर वाढवू की कमी करू? बजेट फार नाही.

घाटवळण
थरांची संख्या बरोबर आहे, कापड चुकलंय.

आधी उष्णतेचा हिशोब बघा. शरीराची कार्यक्षमता २०-२५ टक्के असते. चढावर तुम्ही पॅडलवर १८० वॅट लावत असाल, तर त्याच वेळी अंगात सुमारे ६०० वॅट उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायचं मुख्य साधन घाम. तासाला १ लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला, तर साधारण ६७० वॅट काढून नेतो. पण अट ‘वाळला तर’ ही आहे. तुमच्या विंडचीटरमधून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळं घाम नुसता गळतो, गारवा देत नाही. शरीर आणखी घाम सोडतं आणि तो सगळा बनियन पितं. सुती कापड स्वतःच्या वजनाइतकं पाणी सहज धरून ठेवतं. उतारावर पॅडल बंद, म्हणजे भट्टी विझलेली, वेग ताशी ४० आणि छातीला चिकटलेलं ओलं फडकं. दात वाजणारच की!

आता निवड, आतून बाहेर:

आत बिनबाह्यांचं, जाळीदार पॉलिस्टर बनियन, अंगाला घट्ट बसणारं. ढिलं असेल तर घाम कापडात न जाता पाठीवरून खाली ओघळतो. त्यावर नेहमीची हाफ जर्सी, चेन पूर्ण खालपर्यंत उघडणारी. हातांना सुट्या बाह्या, म्हणजे आर्म वॉर्मर. बजेटमध्ये सगळ्यात आधी हेच घ्या. चालत्या सायकलवर मनगटापर्यंत खाली सरकवता येतात आणि पन्हाळ्यावर पोचल्यावर परत वर ओढता येतात. चौथी वस्तू बिनबाह्यांचं पातळ विंड जॅकेट, ज्याला जिले म्हणतात. पुढून वारा अडवणारं आणि पाठीला जाळी असलेलं बघा. दुकानात कापड तोंडाला लावून फुंकर मारा: पुढच्या भागातून हवा जायला नको, पाठीतून आरपार गेली पाहिजे. दोन्हीकडून अडत असेल तर तो तुमच्या विंडचीटरचाच भाऊ. चांगलं जिले मुठीत मावतं आणि जर्सीच्या पाठीवरच्या मधल्या खिशात बसतं.

कमरेला काही बांधू नका. गाठ सुटून बाही मागच्या चाकात गेली की चाक जागेवर अडकतं.

घरातून निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल, तर एक थर जास्त झालाय.

प्रयाग_संगम
वरच्याशी बहुतेक सहमत, फक्त पारा कुठं मोजता त्यावर एक मुद्दा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा जड होऊन नदीकाठी उतरते. त्यामुळं सूर्य उगवायच्या आधी पंचगंगेचा काठ, शिवाजी पूल, आंबेवाडी-चिखलीचा पट्टा हाच मार्गातला सगळ्यात गार भाग असतो. घाटात वर गेल्यावर उलट एक-दोन अंश जास्तच लागतात. लोक पुलावरच्या थंडीसाठी कपडे घालतात आणि घाटात शिजतात. पुलासाठी जिले चेन लावून घाला, वडणगे फाट्याला चेन अर्धी उघडा, वाघबीळला पाय टेकून जिले काढा आणि खिशात टाका. थांबायला कंटाळू नका. घाम फुटायच्या आधी काढलं तर उपयोग, भिजल्यावर काढून काय करणार?

धुकं असेल तर बाह्यांवर दहिवर साचतं. अशा दिवशी मेरिनो लोकरीचं इनर बरं, ओलं झालं तरी त्याची ऊब पूर्ण जात नाही. पण महाग असतं आणि सावकाश वाळतं.

घाटवळण
मेरिनो इथं नको असं माझं मत. जानेवारीतही नऊ वाजले की ऊन चटके द्यायला लागतं, दुपारी ३० अंशांच्या आसपास. परतीच्या वाटेवर त्या लोकरीचं काय करायचं? राधानगरीला मुक्कामी जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

रंकाळा_पहाटे_६
आर्म वॉर्मर घेतो. गुडघे आणि बोटांचं काय? उतरताना ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत.

स्पोक_आणि_निपल
बोटांसाठी जाड हातमोजे नकोत. गियर कळत नाही, चढावर तळवे भिजतात आणि उतारावर तेच ओले हात गारठतात. पातळ, पूर्ण बोटांचे, पुढून वारा अडवणारे पुरेत. वाघबीळला तेही काढून खिशात, वर पोचल्यावर हात पुसून मगच घाला. बोटं न वळणं ही गैरसोय नाही, धोका आहे. घाटात ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला की वळण संपलेलं असतं.

गुडघ्यांचं गणित वेगळं. त्यांच्यावर मांस कमी, वारा थेट लागतो आणि गार स्नायूंनी जोर लावला की गुडघा दुखतो. पारा १५ च्या खाली असेल तर नी वॉर्मर घाला, हलका गियर ठेवा आणि पहिले पाच किमी जोर लावू नका. मांडीच्या घेरावर माप घ्या. सैल असले तर घोट्यापर्यंत घसरतात, फार घट्ट असले तर गुडघ्यामागं काचतात.

कानांना हेल्मेटखाली पातळ बफ, म्हणजे डोक्या-गळ्यात घालायची लवचिक कापडी नळी. लोकरी कानटोपी घातली की हेल्मेट वर उचललं जातं, पट्टे ढिले पडतात आणि त्याचा उपयोग संपतो.

एक आडवी गोष्ट: हा उसाचा हंगाम आहे. पहाटे धुक्यात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. जिले निऑन रंगाचं घ्या, पण ते काढल्यावर खिशात जातं हेही लक्षात ठेवा. म्हणून रिफ्लेक्टिव्ह पट्टी हेल्मेटला आणि सीटखालच्या दांड्याला लावा, लाल दिवा सुरू ठेवा.

आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच परत येते. घाम तर जातच असतो. तासाला अर्धा लिटर ठरवून प्या.

प्रयाग_संगम
धुण्याबद्दल: हे कपडे गार पाण्यात, साध्या पावडरीत. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो, घाम शोषला जात नाही आणि वासही लवकर धरतो.

जिले घ्यायचं पुढच्या महिन्यावर ढकलायचं असेल तर जुना उपाय आहे. पन्हाळ्यावर चहा झाला की टपरीवरच्या वर्तमानपत्राचं एक पान मागून घ्या, चौपट घडी करा आणि जर्सीच्या आत छातीवर सरकवा. चेन गळ्यापर्यंत. वारा अडतो, थोडा घामही शोषला जातो. खाली उतरल्यावर काढून कचऱ्यात टाका.

रंकाळा_पहाटे_६
पुढारी चालेल का सकाळच पाहिजे? 😄

प्रयाग_संगम
कुठलाही चालतो भावा, फक्त गुळगुळीत कागदाची पुरवणी नको. ती घाम शोषत नाही आणि दुसऱ्या वळणाला पोटावर घसरते.