दहावीतल्या त्या मुली राहिल्याच

"रुबेला म्हणजे चार पुरळ उठतात आणि जातात, मुलग्यांना कशाला सुई टोचायची" असं रुबेला या विषाणूमुळे होणाऱ्या आजारावरच्या लसीबद्दल इथे दोघांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. ही लस मुलापेक्षाही त्याच्या घरातल्या, शेजारच्या, लोकलमध्ये खेटून उभ्या असलेल्या गरोदर बाईसाठी आहे. तिला पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयात दोष असं काही होण्याचा धोका ९० टक्क्यांपर्यंत जातो. त्यात लागण झालेल्या कितीतरी जणांना पुरळही उठत नाही, मग ती बिचारी जपणार तरी कोणापासून?

इथे अजून कोणी न काढलेला मुद्दा म्हणजे वयाने थोडक्यात हुकलेल्या मुली. २७ नोव्हेंबर २०१८ला राज्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा मी ऐरोलीत शिकवत होते. उजव्या दंडावर सुई, डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण, की पोर वर्गात परत. पण मोहीम १५ वर्षांखालच्यांसाठी होती. दहावीतल्या ज्या मुलींना पंधरा पूर्ण झाली होती, त्या बाकावरच बसून राहिल्या. आता त्यांचीच लग्नं ठरतायत. घरात अशी मुलगी असेल तर तिचं लहानपणचं लसीचं कार्ड काढून बघा. एमएमआरची (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस) नोंद नसेल तर डॉक्टरांना विचारून आत्ताच लस घ्या, कारण गरोदरपणात ती देत नाहीत आणि घेतल्यावरही महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात.